गजभिये साहेबांची घरची गाडी

बाबाराव गजभिये पोलाद कारखान्यातल्या, रूळ बनवणाऱ्या रेल मिलमधून फोरमन म्हणून रिटायर झाले, रिसालीत बांधलेल्या स्वतःच्या घरात राहायला आले, आणि त्याच सुमारास कलावतीबाईंच्या गुडघ्यांनी काम बंद केले. स्कूटरच्या मागच्या सीटवर चढणे त्यांना जमेना. आधी बाजार सुटला, मग सेक्टर सहाचा बुद्धविहार सुटला. शेवटी त्या खिडकीशी खुर्ची ओढून बसू लागल्या आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक बाईला, "कुठं चालल्या वो?" असे विचारू लागल्या. बाबारावांना ते बघवेना. घरात गाडी आणायची असे त्यांनी ठरवले.

पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने, सुमेधने, फोनवरून सूत्रे हाती घेतली. "बाबा, रोजची गाडी आहे. परवडली पाहिजे, चालवायचा खर्च कमी पाहिजे, अन् मुख्य म्हणजे चालवताना मजा आली पाहिजे. मजा नसली तर तुम्ही कव्हर घालून ठेवून द्याल." मग तो व्हिडिओ पाठवू लागला. त्यांत गॉगल लावलेला एक माणूस घाटातल्या वळणांवर छोटीशी गाडी फिरवत इंग्रजीत खूश होत असे. बाबाराव शेवटपर्यंत मन लावून बघत आणि म्हणत, "यात तुझी आई चढन कशी, हे तं हा दाखवूनच नाही राहिला."

तरी एका रविवारी दोघे नवरा-बायको सुपेल्याला एक जुनी लाल कार बघायला गेले. कार छान होती. फक्त तिची सीट जमिनीला टेकलेली होती. कलावतीबाई आत बसल्या म्हणजे जवळजवळ पडल्याच, आणि बाहेर काढताना बाबारावांनी पुढून ओढले, दुकानदाराने मागून आधार दिला.

"गाडी चांगली हाय," त्या धापा टाकत म्हणाल्या. "पन मले मंग यातच राहा लागन."

परत येताना त्यांनी ई-रिक्षा केली. कलावतीबाईंनी दांडी धरली, एक पाय टाकला आणि अलगद आत जाऊन बसल्या. वारा लागला तशी त्यांनी डोक्यावरचा पदर मागे सोडला. किती दिवसांनी त्या हसल्या, हे बाबारावांनी पाहिले आणि ड्रायव्हरच्या पाठीवर हात ठेवला.

"क्यों भाई, खर्चा कितना आता है इसको?"

"रात को चार्जिंग में लगा दो, दिन भर चलाओ, अंकल. पेट्रोल का झंझट ही नहीं."

परवडणारी, कमी खर्चाची. राहिली मजा. रिकाम्या रस्त्यावर बाबारावांनी विनवणी करून हँडल हातात घेतले आणि पुढच्या वळणापर्यंत ते लहान मुलासारखे हसत होते.

शोरूमवाल्याने समजावून पाहिले. "अंकल, ये सवारी गाड़ी है, घर के लिए कोई नहीं लेता."

"हमारी सवारी एक ही है. घर में बैठी है," बाबाराव म्हणाले.

त्यांनी सुमेधला फोन लावला. "घेतली रे. इलेक्ट्रिक घेतली."

"क्या बात है बाबा! कोणती?"

"हिरवी."

सुमेध मीटिंगमध्ये होता. त्याने आनंदाने फोन ठेवला आणि आपल्या वडिलांनी या वयात इलेक्ट्रिक गाडी घेतली हे साऱ्या ऑफिसला सांगितले.

पहिल्याच दिवशी, विहाराकडे जाताना रिसालीच्या सिग्नलला गाडी थांबली आणि डबा घेतलेला एक माणूस कलावतीबाईंच्या समोर येऊन बसला. "सेक्टर नौ, अस्पताल," तो म्हणाला.

ही खाजगी गाडी आहे असे सांगायला बाबाराव मागे वळले, तोवर कलावतीबाईंनी पाय आवरून घेतले होते. "बसू द्या ना. रस्त्यातच तं हाय दवाखाना." सेक्टर नऊ येईपर्यंत त्या माणसाच्या बायकोचा पित्ताचा खडा, तिला आवडणारी भाजी आणि तिच्या सासूचा स्वभाव हे सगळे कलावतीबाईंना कळले होते. येताना दोन बाया बसल्या. दुसऱ्या दिवशी चार.

बाबारावांनी पुढच्या काचेवर ठळक अक्षरांत लिहून घेतले, 'घर की गाड़ी'. लोकांना वाटले हे रिक्षाचे नाव आहे. "नाम अच्छा रखा है, अंकल," असे म्हणत ते चढू लागले. भाडे घेत नाहीत हे कळल्यावर तर लोक दुसरी रिक्षा सोडून हिची वाट बघू लागले.

मग एक दिवस सेक्टर सहाच्या बाजारात स्टँडवरचा विक्की नावाचा रिक्षावाला आडवा आला. त्याच्या मागे आणखी काही रिक्षावाले होते.

"अंकल, पेंशन भी खाओगे और हमारी सवारी भी?"

"मैं तो एक पैसा नहीं लेता, बेटा."

"वही तो रोना है! फ्री में बिठाओगे तो हमारे पास कौन आएगा?"

बाबाराव नोकरीत असताना युनियनमध्ये होते. कामगाराचे म्हणणे त्यांना लगेच पटले. सवारीला उतर म्हणायची हिंमत त्यांच्यात नव्हती, म्हणून त्यांनी स्टँडच्या दराने भाडे घ्यायचे कबूल केले. चालवता चालवता सुटे पैसे देणे जमेना, तेव्हा ते काम कलावतीबाईंनी घेतले. आठवड्याभरात त्या बाहेर झुकून, "रिसाली, रिसाली! एकच सीट हाय!" असे ओरडायला शिकल्या. गुडघे दुखायचेच, पण त्याबद्दल बोलायला त्यांना वेळ नव्हता.

शेजारच्या अंजनाबाईंनी काळजीपोटी पुण्याला फोन केला. "सुमेध, घरात काही तंगी हाय का रे? तुझे बाबा रिक्षा चालवून राहिले, अन् आई भाडं वसूल करून राहिली."

सुमेध न कळवता आला. रायपूरहून टॅक्सीने येताना सेक्टर सहाच्या चौकात टॅक्सी थांबली आणि शेजारच्या हिरव्या रिक्षातून आवाज आला, "या भाऊ, रिसाली, रिसाली!" त्याने काच खाली केली. आईने त्याला ओळखले आणि ती आनंदाने म्हणाली, "अरे सुमेध! ये, तुले जागा करतो."

घरी पोचताच सुमेधने बॅग दारातच टाकली. "मी पैसे पाठवतो म्हटलं तर घेत नाही, अन् हे करून राहिले? ऑफिसमध्ये सगळे फोटो मागतात मला, गाडीचा! कोणाची आयडिया होती ही?"

तापून लाल झालेल्या रुळांसमोर आयुष्य काढलेला माणूस पोरासमोर मात्र खाली बघू लागला.

"तुझ्या आईची," बाबाराव म्हणाले. "तिलेच हौस होती. मी तं कार घेऊ म्हटलं होतं."

कलावतीबाई पाण्याचा ग्लास घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिले.

"हो. माझीच," त्या म्हणाल्या आणि ग्लास ठेवून आत गेल्या.

पुढचे सगळे झटपट झाले. रिक्षा विक्कीने घेतली. सुपेल्याची लाल कार सुमेधने घेऊन दिली आणि तो समाधानाने परत गेला.

दुःखाची गोष्ट अशी, की कार चालवायला खरोखर मजा येत होती. बाबाराव मोकळ्या रस्त्यावर वळण घेत आणि काहीतरी बोलायला बाजूला बघत. बाजूला कोणी नसे. कलावतीबाई एकदा उशी घेऊन बसून आल्या, मग म्हणाल्या, "मले नाही जमत." त्या रागावल्या नव्हत्या. चहा वेळेवर मिळत होता, भाजीत मीठ बरोबर होते. भांडल्या असत्या तर बाबारावांना बरे वाटले असते. पण त्या पुन्हा खिडकीशी बसू लागल्या, आणि आता तर रस्त्यावरच्या कोणाला काही विचारतही नसत.

न राहवून बाबारावांनी पुण्याला फोन लावला. "सुमेध, रिक्षाची आयडिया माझी होती रे. तुझ्या आईची नव्हती."

"माहीत आहे, बाबा. आईला कशाला सुचते असं काही?"

"मंग तवाच कावून नाही बोलला?"

"आई हो म्हणाली ना. मग मी काय बोलू?"

बाबारावांनी फोन ठेवला. ज्याला फसवायला खोटे बोललो तो फसलाच नव्हता. लागले ते फक्त जिला लागायला नको होते तिला. हे कलावतीबाईंना सांगायचे म्हणून ते कितीदा खिडकीपर्यंत गेले, आणि दर वेळी, "आज ऊन लय हाय, नाही?" असे म्हणून परत आले.

एका सकाळी ते आंघोळ करून आले तर खिडकीतली खुर्ची रिकामी होती. बाहेर हिरवी रिक्षा वळणावर दिसेनाशी होत होती. कलावतीबाईंनी स्वतःच विक्कीला फोन करून रोजचे ठरवले होते.

बाबारावांनी कार काढली. सिग्नलला त्यांनी रिक्षा गाठली आणि काच खाली केली. आत कलावतीबाई, रमा नावाची नर्स, आणखी दोन बाया अशी बैठक रंगात आली होती.

"मी येऊ का?" बाबारावांनी विचारले.

विक्कीने मागे वळून पाहिले. "अंकल, सीट फुल है."

कलावतीबाईंनी पदर सारखा केला. मग सिग्नल सुटता सुटता म्हणाल्या, "रमा सेक्टर नऊले उतरते. तिथं उभे राहा."

बाबारावांनी त्या दिवशी कार जशी पळवली तशी व्हिडिओतल्या गॉगलवाल्यानेही कधी पळवली नसेल. सेक्टर नऊला एका झाडाखाली ती उभी करून ते रस्त्याच्या कडेला आले आणि हात पुढे करून थांबले. रिक्षा आली. रमा उतरली. कलावतीबाईंनी पाय आवरून घेतले.

"कलावती," समोर बसत बाबाराव सगळ्या बायांच्या देखत म्हणाले, "त्या दिवशी मी सुमेधपाशी खोटं बोललो. रिक्षा मीच घेतली होती, अन् मलेच—"

"ते घरी जाऊन सांगा," कलावतीबाई म्हणाल्या. "आधी विक्कीले भाडं द्या. इथं फुकट बसवत नाही कोनाले."