बिराजदार सर आऊट होत नाहीत

आमचे शेजारी बिराजदार सर आजवर एकदाही आऊट झालेले नाहीत. निदान त्यांचं म्हणणं तसं आहे. कॉलेजच्या कबड्डी संघात खेळले, पुढं त्याच कॉलेजात पोरांना कबड्डी शिकवून निवृत्त झाले. शिवल्या गेलेल्या खेळाडूनं आपणहून हात वर करावा आणि मैदानाबाहेर जावं, असा या खेळातला रिवाज. सरांचा हात कधी वर गेला नाही. "टच न्हाय," म्हणत ते पंचाशी हुज्जत घालत उभे.

खोड मैदानापुरती राहिली असती तर ठीक होतं. एकदा सात रस्ता चौकात त्यांच्या स्कूटरनं भाजीच्या गाड्याला धडक दिली. वांगी रस्ताभर लोळतायत आणि सर गाडेवाल्याला शांतपणे सांगतायत, "टच न्हाय." वांगी मात्र त्यांनीच वेचून दिली.

सरांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, कबड्डीचा भयंकर तिटकारा. आयुष्यभर मातीत लोळलेले कपडे धुतल्यावर दुसरं काय होणार?

यंदा उन्हाळ्यात काकूंना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची वाचाच गेली. रोज बोलतं करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. सरांना बोलतं करायची एकच रीत ठाऊक. त्यांनी काकूंच्या खुर्चीपुढं खडूनं रेघ मारली आणि पलीकडं बचावाला वाकून उभे राहिले. "चढाई तुजी. दम घे, कबड्डी म्हण अन् मला शिव."

रोज संध्याकाळी हेच. काकू नुसत्या रागानं बघायच्या. या माणसाला अक्कल नाही, असं माझी बायको म्हणाली. मलाही तसंच वाटत होतं.

परवा मी शेंगाचटणी द्यायला गेलो, तेव्हा खेळ चालूच होता. काकूंनी श्वास घेतला. ओठ वाकडे झाले आणि आतून काहीतरी अस्पष्ट आलं, "क... बड्डी." डावा हात कसाबसा पुढं सरकला. बोटं सरांच्या मनगटाला जेमतेम लागली.

दम मधेच तुटला होता. म्हणजे नियमानं सर आऊट नव्हतेच. हुज्जत घालायला आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्याकडं खरं कारण होतं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो.

सरांनी हात वर केला. मुकाट्यानं बाहेर येऊन ओट्यावर बसले. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना सुचलं नाही. समोरून दूधवाला चालला होता, त्याला थांबवून म्हणाले,

"आऊट झालो की मी. आमच्या हिनं केलं."