जबाबदार ट्यूना

चष्म्याच्या दुकानाच्या मालकावर ट्यूनाचा एक डबा आणण्याची जबाबदारी सोपवण्यात आली, तेव्हा प्रकरण साधंच होतं. त्याच्या सोळा वर्षांच्या मुलीने जाहीर केलं होतं, की ज्या मासेमारीपायी समुद्र ओस पडतो आणि जाळ्यांत कासवंही मरतात, तिचा मासा असलेल्या टेबलाशी ती बसणार नाही. तीन दिवस ती आपल्या खोलीत कोरडा पाव खात होती. "एक बरा डबा बघून आणायला काय धाड भरलीय तुम्हाला?" बायको म्हणाली.

दुकानात अकरा प्रकारचे डबे होते. अकराही डब्यांवर 'जबाबदार मासेमारी'चं चिन्ह म्हणून हिरवा मासा छापलेला होता आणि सगळे मासे हसत होते.

"हा पकडला कसा?" त्याने विक्रेतीला विचारलं.

"चिन्ह आहे ना, काका."

"चिन्हाचा अर्थ काय?"

"अर्थ म्हणजे... चिन्ह आहे, असा."

त्याने डब्यावरच्या नंबरवर फोन लावला. कंपनीच्या अधिकारी बाईंनी सौजन्याने खुलासा केला, की माशाबाबतची चौकशी चिन्ह देणाऱ्या कार्यालयात करावी. कार्यालयातल्या साहेबांनी सांगितलं, की ते मासे तपासत नाहीत, अर्ज तपासतात. "आजवर एकाही अर्जात कासव अडकलेलं आढळलं नाही," ते अभिमानाने म्हणाले.

चष्मेवाला हट्टाला पेटला. सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून बंदरावर गेला. तिथला एक म्हातारा मासेमार गळ टाकून ट्यूना धरायचा. चष्मेवाला त्याच्या होडीत दिवसभर बसला, चार वेळा ओकला, पण एका गळाला एकच मासा लागतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. संध्याकाळी मासा छातीशी धरून घरी आला.

मुलीने मासा उलटापालटा करून पाहिला. "चिन्ह कुठाय, बाबा?"

"अगं, मी स्वतः पाहिलं."

"तू म्हणतोस रे. पण कुणीतरी अधिकृत सांगायला नको?"

बाप आपल्या दुकानात गेला आणि एका कागदावर हिरवा मासा काढून घेऊन आला, हसरा. मुलगी टेबलाशी बसली. दोनदा वाढून घेतलं. आईने पदर डोळ्यांना लावला.

शेजारणीने तसंच चिन्ह मागितलं. मग सगळ्या इमारतीने, मग मासळीबाजाराने. महिनाभरात चष्म्याच्या दुकानाला अर्जांची खिडकी आली, शिक्का आला, जेवणाची सुट्टीही आली.

एका सकाळी तो म्हातारा टोपली घेऊन रांगेत उभा राहिला. "साहेब, चिन्हाशिवाय माझा मासा कुणी घेईना."

"गळाने पकडल्याचा पुरावा?"

"तुम्हीच होतात की होडीत. ओकत होतात."

"ते ग्राहक म्हणून. कार्यालय म्हणून मी काहीही पाहिलेलं नाही."

हे बोलताना चष्मेवाल्याला वाईट वाटलं. त्याने म्हाताऱ्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अर्ज दिला, तीन प्रतींत.

म्हाताऱ्याला लिहिता येत नव्हतं. त्याने टोपली डबे भरणाऱ्या कारखान्यात मिळेल त्या भावाने ओतली, होडी विकली आणि त्याच कारखान्याच्या जहाजावर मैलभर लांबीचं जाळं ओढायला लागला. कारखान्याचे अर्ज मात्र कधीच अपुरे नसतात. त्यांचा डबा, वाचकहो, आपण परवाच आणलात. चांगली दोन मिनिटं थांबून, निवडून.