दोन तारखांच्या मधली माणसं

यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. रत्नागिरीचा माणूस डोळ्यांनी बघितलेल्यावरसुद्धा शेजाऱ्याला विचारून मग विश्वास ठेवतो; इथे तर नुसतं ऐकायचं आहे. तरीही घडलं ते घडलं. साल अठ्ठ्याऐंशी. ज्यांच्या चुलीवर आमटी आहे त्यांनी आत्ताच उठावं. मधे उठलात तर धागा तुटेल आणि मग दोष मला द्याल.

तर त्या साली बागायतदारांच्या संघात कॉम्प्युटर आला. मुंबईहून एस.टी.च्या टपावर बसून आला, आणि वाटेत चिपळूणला कुणी तरी त्याच्यावर फणसाचं पोतं ठेवलं तरी हूं की चूं केलं नाही. कचेरीत त्याची पूजा झाली. चेअरमन रावजीअण्णांनी नारळ फोडला, तो इतक्या जोरात की पाणी थेट मशीनच्या तोंडावर उडालं. मग अर्धा दिवस पंख्याखाली वाळवावं लागलं.

वाळवणारा होता महिपत. मुंबईत दिवसा एका कंपनीत हमाली आणि संध्याकाळी दादरला कॉम्प्युटरचा क्लास करून तो परत आला होता. परत येण्याचं कारण सगळ्या वाडीला ठाऊक होतं. तिचं नाव मालन. मालनच्या बापाने, म्हणजे आप्पाने, अट घातली होती.

"गावात पक्की नोकरी असंल तर पोरगी तुजी. माजी पोर मुंबैच्या खोलीत कोंबायला मी धाडायचो नाय."

आणि पक्की नोकरी होती रावजीअण्णांच्या हातात. ते म्हणाले, "जूनच्या कार्यक्रमात मशीन चालला तर तू पक्का. नाय चालला, तर तू नि मशीन, दोगांव त्याच एस्टीनं परत मुंबै!"

कार्यक्रम असा होता. आंब्याचा हंगाम उरकला की जूनच्या पहिल्या आठवड्यात संघाची सभा. मुंबईचे मोठे साहेब पाहुणे. त्यांच्यापुढे मशीनची करामत दाखवायची होती. अण्णांनीच डोकं चालवलं. "येवड्या सभासदांतनं ज्यांचा वाढदिवस त्या आठवड्यात, त्यांची नावा मशीननं काडायची. त्यांना कार्डा धाडायची. स्टेजवर शाल नि नारळ. असतील चार-पाच जना."

भिकाजी हेडक्लार्कने लगेच जाऊन चार शाली आणल्या. पाचव्याला टॉवेल द्यायचं ठरलं.

सभासदांच्या अर्जांवरची नावं आणि जन्मतारखा मशीनमधे आधीच भरलेल्या होत्या. आता मशीनशी बोलायची एक भाषा होती, एस्क्यूएल नावाची. या भाषेत आर्जव नाही, अगत्य नाही, चहापाणी नाही. सरळ सांगायचं: सभासदांतून नावं काढ, जिथे जन्मतारीख या तारखेच्या आणि त्या तारखेच्या मधे आहे. महिपतने ते अण्णांना गडग्याच्या, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणाच्या, हिशेबात समजावलं होतं. "अण्णा, दोन बाजूंनी दोन गडगे घालायचे. मधली कलमं आपली. खुद्द गडग्यावर उगवलेलं असेल तर तेपण आपलंच."

"ह्या बरा हाय," अण्णा म्हणाले. "कोर्टात जायला नको."

महिपतने पहिला गडगा घातला एक जून अठ्ठ्याऐंशीवर, दुसरा सात जून अठ्ठ्याऐंशीवर, आणि बटण दाबलं. मशीन क्षणभर गुरगुरलं आणि म्हणालं, कोणी नाही.

"कोणी नाय?" अण्णा खुर्चीतून उठले. "त्या आटवड्यात आमच्या संघात एकपन मानूस जन्माला आला नाय? मग आमी काय शेंगेतनं फुटलो?"

महिपतने पडद्यावरच्या तारखा पुन्हा वाचल्या. मग त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याने कपाळावर हात मारला. "अण्णा, चूक माझी. मी ह्या वर्षाचे गडगे घातले. ह्या जूनमधे जन्मलेला सभासद म्हणजे पाळण्यातला. आणि तोपण अजून जन्मायचाय!"

"मग मागं सरकव गडगा!"

महिपतने घाईघाईत पहिला गडगा उचलला आणि पार एक जून एकोणीसशेवर नेऊन ठेवला. दुसरा राहिला होता तिथेच. बटण दाबलं. प्रिंटर असा काही सुटला की भिकाजी टेबलावर चढून बसला. करकर करकर, कागद टेबलावरून खाली, खालून दारापर्यंत, दारातून ओटीवर. ओटीवर बांधलेल्या अण्णांच्या बोकडाने त्यातले आंजर्ल्याचे सगळे सभासद खाऊन टाकले, तेव्हा कुठे महिपतने वायर ओढली.

"आता काय झाला?"

"आता सगळेच आत आले, अण्णा. गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत जो जो जन्मला, तो ह्या दोन गडग्यांच्या मधेच जन्मला की!"

अण्णांनी टोपी काढून वारा घेतला. "महिपत्या, गडगा घालायला सांगितला तर तू रत्नागिरी जिल्ह्याला कुंपन घातलास! मुंबैची एस्टी सकाळी सुटते. ठाव हाय ना?"

महिपत घरी गेला, जेवला नाही. आई सोनूबाई म्हणाली, "अरे, येवडा काय इचारतास त्या मशीनला? तुजो जन्म कदी झालो ता माका इचार. भात झोडीत होतंव नि तू झालास." महिपतचं लक्ष नव्हतं. लक्ष असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, आणि आपण सगळे आत्ता आपापल्या घरी असतो.

दुसऱ्या दिवशी त्याने डोकं थंड ठेवून विचारलं. वर्ष सोडून दे. ज्यांचा महिना जून, आणि दिवस एक ते सातच्या मधे, तेवढेच दे. बरोब्बर प्रश्न. याहून बरोबर प्रश्न विचारणारा माणूस त्या दिवशी दादरच्या क्लासातसुद्धा नसेल. बटण दाबलं, आणि प्रिंटर पुन्हा सुटला. करकर करकर. टेबलावरून खाली, खालून दारापर्यंत. बोकड उठून उभा राहिला.

 महिपत कागद बघत बसला. भागोजी, एक जून. लवू, एक जून. चिमा, एक जून. विठू, एक जून. मालनचा बाप, एक जून. चेअरमन रावजी, एक जून. तो तसाच धावत अण्णांच्या बागेत गेला.

"अण्णा, मशीन बिघडलं! बहुतेक नारळाचं पाणी आत राहिलं. सगळ्यांना एक जूनलाच जन्माला घालतंय!"

अण्णा मात्र खूष झाले. "अरे, एक जून ह्यो माजा दिवस! मशीनला कळला बग चेरमन कोन तो. सगळ्यांना माजीच तारीख वाटली!" मग त्यांचा चेहरा उतरला. "पन पावन्यांपुडं असा चालायचा नाय. जा, दुरुस्त कर."

महिपत परत आला तोवर उशीर झाला होता. हेडक्लार्क भिकाजीची एक शिस्त होती. छापलेला कागद टेबलावर दिसला की त्याची विल्हेवाट लावायची, विचार करायचा नाही. त्याने नाव-पत्त्यांच्या चिठ्ठ्या कापल्या, कार्डांवर चिकटवल्या, कार्डं कमी पडली तशी छापखान्यातून आणखी आणवली आणि एस.टी.च्या कंडक्टरांबरोबर गावोगाव रवाना केली. नाटे बंदराची पिशवी गेली, राजापूरची गेली, आंजर्ल्याची तर बोकडाच्या तावडीतून वाचवून गेली.

"भिकाजीराव, हे काय केलंत?"

"काम," भिकाजी म्हणाला. "तुझ्या मशीनला जमत नाही ते."

सभेच्या दिवशी मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येकाच्या डोक्याला तेल, अंगात ट्रंकेतला सदरा, हातात कार्ड. प्रत्येकजण शेजाऱ्याला तेच सांगत होता: "मना बोलावलाय. माजा सत्कार हाय." आणि शेजारी, आपलं कार्ड सदऱ्यात दडवून, "व्हय काय? मी आपला बगायला आलोय" म्हणत होता. पुढच्याच रांगेत आप्पा बसला होता, आणि त्याच्या मागे मालन. महिपतने तिच्याकडे एकदाच बघितलं आणि मग छताच्या पत्र्यांकडे बघत उभा राहिला.

मुंबईचे साहेब माइकवर आले. गोरेगोमटे, गळ्यात टाय. "ज्यांचा वाढदिवस या आठवड्यात आहे, अशा भाग्यवंतांनी कृपया उभं राहावं."

सगळा मंडप उभा राहिला.

साहेब हसले. त्यांना वाटलं, आपल्या मानासाठी उठले. "बसा, बसा. फक्त वाढदिवसवाले!"

कोणी बसेना. अण्णा महिपतच्या कानाशी येऊन दात आवळून म्हणाले, "तिकीट काड."

एवढ्यात आप्पाची नजर बाजूला गेली. शेजारी लवू उभा होता. आप्पा आणि लवू यांचं एका काजूच्या झाडावरून गेली कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. आज आप्पा बोलला.

"तू कशाला उबा ऱ्हायलास रं? तुजा कसला एक जून? तू शिमग्यातला! पालखी नाचत व्हती नि तू झालास, तुज्या आयशीनं माज्या आयशीला सांगितलान!"

"आनि तू?" लवू उसळला. "तू तर गनपतीतला! तुजा बाप आरती सोडून सुईनीला बोलवायला गेला व्हता!"

मग काय, मंडप पेटला. तू भातलावणीतला, तू वादळातला, तुझा जन्म गलबत बुडालं त्या रात्रीचा, तू कसला रे एक जून! आपली स्वतःची तारीख सोडून बाकी सगळ्यांची खोटी, याबद्दल मात्र कुणाचंच दुमत नव्हतं. चार शाली पोटाशी धरून भिकाजी स्टेजखाली गेला.

महिपतला त्या गोंधळात आईचं वाक्य आठवलं. भात झोडीत होतंव नि तू झालास. भात कोण जूनमधे झोडतं? त्याची स्वतःची तारीखही एक जूनच होती, आणि इतकी वर्षं त्याने ती आपलीच मानली होती. त्याने साहेबांच्या हातातला माइक घेतला.

"आप्पा, तुमची तारीख तुम्हाला कोणी सांगितली?"

"कोनी म्हंजे? गुर्जींनी."

"लवूतात्या, तुमची?"

लवू थांबला. "गुर्जींनीच."

"आणि जे शाळेत गेले नाहीत, त्यांचे संघाचे अर्ज कोणी भरले?"

मंडपातली एकेक मान मागे वळली. शेवटच्या खुर्चीत धोंडू गुरुजी छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकून डुलकी काढत होते. या माणसाची आयुष्यभर बदली होत राहिली. आंजर्ल्यापासून नाट्यापर्यंत जिथे जिथे शाळा, तिथे तिथे गुरुजी. आप्पाने हलवून उठवलं तेव्हा ते सवयीने म्हणाले, "पाढे म्हणा."

"गुर्जी, आमी सगळे एकाच दिवशी कसे जन्मलो?"

गुरुजींनी चष्मा पुसला. सगळ्या मंडपाकडे एकदा बघून घेतलं. "मग काय लिहायला हवं होतं मी? तुमच्या आया यायच्या पोराचा हात धरून. कधी झाला? तर म्हणे कुळीथ काढायच्या आधी. कधी झाली? तर म्हणे तांबडी गाय व्यायली त्याच्या दुसऱ्या दिवशी. शाळा जूनला उघडते. मी लिहिलं एक जून." मग छत्री जमिनीवर टेकून म्हणाले, "तुम्ही आयशीला कधी झालात ते तिला माहीत. मला तुम्ही त्याच दिवशी झालात."

 लवूने नाक शिंकरलं. आप्पाने न बोलता आपला रुमाल त्याला दिला, आणि काजूच्या झाडाचा खटला तिथेच निकालात निघाला.

मग साहेब स्टेजवरून खाली उतरले. टाय सैल केला आणि गुरुजींच्या पाया पडले. म्हणाले, "गुरुजी, माझ्याही दाखल्यावर एक जूनच आहे."

गुरुजींनी त्यांना न्याहाळलं. "नाट्याची शाळा. खिडकीतून बंदराकडे बघत बसायचास. होड्या मोजायचास, पण वजाबाकी यायची नाही."

रावजीअण्णांना काय करावं ते एकदम उमगलं. त्यांनी भिकाजीला स्टेजखालून ओढून काढलं आणि चारही शाली गुरुजींच्या अंगावर घातल्या. एकावर एक. वरून पाचव्याचा टॉवेल. जूनचा उकाडा, पत्र्याचा मंडप, आणि म्हातारा आत शिजतोय. पण एकही शाल काढू देईना. अण्णांनी माइकवरून जाहीर केलं की मशीन खोटं बोललं नाही, माणसं बोलली. सबब महिपत आजपासून संघात पक्का.

महिपतने मालनकडे बघितलं. या वेळी तिने छताकडे बघितलं.

आप्पा शब्दाला जागला. म्हणाला, पोरगी दिली. तरी बाप तो बाप, रीत सोडतो थोडाच? दुसऱ्याच दिवशी तो दोघांच्या जन्मतारखा घेऊन राजापूरला गेला आणि भटजींकडून पत्रिका मांडून आणल्या. छत्तीसच्या छत्तीस गुण! भटजींनी पंचांग मिटलं आणि म्हणाले, असे जुळलेले ग्रह मी उभ्या जन्मात—

"खोटं!"

माझं वाक्य तोंडातच राहिलं; आमच्या दाराशी खुद्द मालन उभी होती. गोष्ट ऐकायला बसलेल्या महिपतला जेवायला बोलवायला आलेली आणि कधीपासून तिथेच ऐकत थांबलेली. हातातलं उलथनं तसंच वर होतं.

"खोटं, काका! माजी तारीख गुर्जींनी लिवलेली, ह्यांचीपन गुर्जींनीच लिवलेली. मग भटजींनी पत्रिका मांडली ती कोनाची? आनि माज्या बापसानं जन्माची वेळ काय सांगितलान त्येंना, शाळेची घंटा?"