स्टँडसमोरचा मोर

जवळा बाजारात ग्रामपंचायतीने टाकाऊ वस्तूंपासून रंगीत शिल्पं करायची स्पर्धा ठेवली आणि मी (कारकून, या हातांनी आजवर फक्त शिक्के मारलेले) भर ऑफिसात बोलून बसलो, "मी मोर करतो." पहिल्या नंबराचं शिल्प स्टँडसमोर कायमचं उभं राहणार होतं. मला तर आनंदाने जेवणच जाईना.

कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा सांगाडा बांधला. रद्दी भिजवून, त्यात वाटलेल्या मेथ्या मळून तो लगदा वर थापला. आई टोपल्या अशाच लिंपायची. अंगाला गेरू, तुऱ्याला कुंकू. काय सुरेख दिसत होतं म्हणून सांगू. बायको, वैष्णवी, जाता-येता बघायची, पण हसायची नाही. कलावंताला एवढं पुष्कळ झालं. आता फक्त निळी मान आणि पिसारा राहिला होता.

"जुन्या साड्या काढ," मी म्हणालो.

"समद्या बाबाच्या शेतात हायत."

सासऱ्यांच्या, म्हणजे नामाजींच्या हरभऱ्याभोवती हिरव्या, निळ्या, जांभळ्या साड्यांचं कुंपणच होतं. रानडुकरं बुजावीत म्हणून ते बांधतात, हे मला ठाऊक होतं. पण डुकरं एखादी रात्र दम धरतील, असं मी गृहीत धरलं आणि सगळ्या साड्या सोडून आणल्या.

स्पर्धेच्या सकाळी मोर असा फुलला की लोक सेल्फी काढायला लागले. माझे पाय जमिनीला लागत नव्हते. तेवढ्यात नामाजींची मोटरसायकल आली.

"जावईबापू, डुकरायनं आर्धा हरभरा खाल्ला."

"काहून?" (मला एवढंच सुचलं.)

ते पिसाऱ्याकडे बघत राहिले. "ही जांभळी नेसून तुमच्या सासूबाई बाजाराला जायच्या."

वैष्णवीने पदर खोचला आणि साड्या सोडायला घेतल्या. पिसारा गेला, मानेची निळाईही गेली.

"परीक्षक तरी येऊन जाऊ दे," मी काकुळतीला आलो.

"बाबानं येरझाऱ्या घालाव्या काय? आज बी डुकरं येतील."

साड्यांचं गाठोडं घेऊन नामाजी गेले आणि परीक्षकांची जीप आली. साहेबांनी भोवती फेरी मारली, गोल अंग पाहिलं, लाल तुरा पाहिला.

"वा. कोंबडी अगदी हुबेहूब. पहिला नंबर हिचाच."

मी तोंड उघडलं, तशी वैष्णवी कुजबुजली, "गप बसा. मोर म्हनलं तर नंबर जाईल."

मी हात जोडले.

"व्हय साहेब," म्हणालो, "गावरान हाय."