क्लेमच्या हातावरची निळी खूण

टेगनने फोनवर आईवडिलांना एकच अट घातली. तिचं बाळ सहा आठवड्यांचं, इतक्या लहानाला फ्लूची लस देता येत नाही. तेव्हा ज्याने लस घेतली असेल त्यानेच बाळाला उचलायचं, बाकीच्यांनी दारातून बघायचं. आईने, नोरीनने, लगेच होकार दिला. वडिलांनी, क्लेम डॉगर्टीने, मात्र तोंड वाकडं केलं.

क्लेमचं मत ठाम होतं. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी घ्यावी, आजाऱ्यांनी घ्यावी, सगळ्या गावाला टोचत सुटायचं कशाला? स्वतःची अडुसष्ट वर्षं तो म्हातारपणात धरत नव्हता. नोरीनने त्याला आठवण करून दिली की स्वतःच्या दोन हजार मेंढ्या दर वर्षी तो एकूण एक टोचतो, धडधाकट दिसते म्हणून एकीलाही सोडत नाही.

"मेंढ्यांचं वेगळं आहे," क्लेम म्हणाला. "त्या दिवसभर एकमेकींना चिकटून असतात."

"आणि शुक्रवारी पबमध्ये तुम्ही काय करता?"

यावर क्लेमला कुत्र्याला खायला घालायचं आठवलं.

मे महिन्यात, तिकडचा हिवाळा तोंडावर आला तेव्हा, दरवर्षीप्रमाणे ब्रॉनविन नर्स शीतपेटीत पन्नास डोस घेऊन कुराबिन गावच्या हॉलमध्ये आली. गेल्या वर्षी चहाच्या गडबडीत चौऱ्याऐंशी वर्षांच्या एल्व्हाबाई प्रिंगल पुन्हा रांगेत उभ्या राहिल्या होत्या आणि दुसरी सुई अगदी दंडाला टेकता टेकता राहिली होती. क्लेमने तोडगा सुचवला. टोचलेल्या मेंढीवर करतात तशी टोचलेल्या माणसाच्या हातावर निळ्या खडूने खूण करायची. तो खडू पावसात टिकतो, साबणाला दाद देत नाही. क्लेम स्वतः दाराशी उभा राहील आणि मेंढ्या मोजायचं हातातलं यंत्र दाबून माणसंही मोजेल. सगळ्यांना ही कल्पना पसंत पडली. नवरा अखेर समाजकार्याला लागला म्हणून नोरीनला बरं वाटलं.

माणसं सुईकडून दाराकडे येत होती, क्लेम खूण करत होता, यंत्राची कळ दाबत होता. रांग संपली. ब्रॉनविन यादीत डोकं घालून बसली होती, नोरीन चहाबरोबरच्या स्कोनवर, म्हणजे छोट्या गोडसर पावांवर, जॅम लावत होती. क्लेमने इकडेतिकडे बघितलं आणि स्वतःच्या डाव्या हातावर एक ठसठशीत निळी रेघ ओढली.

पाच मिनिटांत नोरीनने त्या हाताचा फोटो टेगनला पाठवला. टेगनने उलट बाळाचा फोटो पाठवला. तो बघून क्लेमने फोन टेबलावर पालथा ठेवला. पण स्कोन चांगले झाले होते, त्याने दोन खाल्ले.

तेवढ्यात ब्रॉनविनने विचारलं, "क्लेम, किती झाले?"

"चव्वेचाळीस."

"माझ्या यादीत त्रेचाळीस आहेत. तुझ्या आकड्याने पेटीत सहा उरायला हवेत, सात उरलेत. म्हणजे कुणीतरी खूण घेऊन फिरतंय आणि लस घेतलेलीच नाही."

क्लेमच्या ध्यानात आलं. खूण केली की कळ दाबायची, ही चाळीस वर्षांची अंगठ्याची सवय होती. स्वतःवर रेघ ओढली तेव्हाही अंगठ्याने आपलं काम केलं होतं.

साहजिकच सगळे एल्व्हाबाईंकडे बघू लागले. त्यांनी शांतपणे बाही वर करून दंडावरची चिकटपट्टी दाखवली आणि स्कोन खात राहिल्या. मग शेजारच्या हर्ब ओकलीने सांगितलं की आकडा जुळला नाही तर कळप पुन्हा फाटकातून सोडतात, त्यात विचार काय करायचा. अख्खं गाव बाह्या वर करून रांगेत लागलं आणि क्लेम प्रत्येकाचा दंड तपासत गेला. घाम फक्त त्याला येत होता. त्रेचाळीस माणसं, त्रेचाळीस चिकटपट्ट्या.

"मग मोजणीच चुकली," ब्रॉनविन म्हणाली. "होतं असं, क्लेम. वय होतं आपलं."

खरं तर क्लेम इथे सुटला होता. नुसतं "हो" म्हणायचं आणि घरी जायचं. पण हर्बने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "यंदा मेंढ्या मोजायला माझ्या पोराला पाठवू का?"

"माझी मोजणी चुकत नाही," क्लेम म्हणाला. "चव्वेचाळीस म्हणजे चव्वेचाळीस."

सगळ्यांच्या माना क्लेमकडे वळल्या. एल्व्हाबाईंनी तोंड पुसलं.

"क्लेम, फाटकात जो उभा असतो त्याला कोण मोजतं रे?"

नोरीनने बशी खाली ठेवली. जवळ येऊन तिने नवऱ्याची बाही वर केली. दंड स्वच्छ होता. ती रागावली असती तर क्लेमने सहन केलं असतं, पण ती हळू आवाजात म्हणाली, "मी लेकीला फोटो पाठवलाय."

"मला सुईची भीती वाटते," क्लेम म्हणाला. "टोचायची नाही वाटत. टोचून घ्यायची."

दोन हजार मेंढ्या टोचणाऱ्या माणसाचं हे बोलणं ऐकून कुणी हसलं नाही. हसले ते नंतर, पुढचे चार शुक्रवार. त्या दिवशी एल्व्हाबाईंनी त्याचा हात धरला, त्याने डोळे मिटले आणि सुई टोचून झाल्यावर विचारलं की कधी टोचणार.

लस भिनायला दोन आठवडे लागतात, म्हणून टेगन त्यानंतरच्या तिसऱ्या शनिवारी बाळाला घेऊन आली. क्लेमने बाळाला घेतलं आणि दुपारभर कुणाकडे दिलं नाही. संध्याकाळी जावई ड्रू कामावरून परस्पर आला, पायरीवरच एक शिंक दिली आणि हात पुढे करून म्हणाला, "आण इकडे माझ्या सोनीला."

क्लेम बाळासकट दारात आडवा उभा राहिला. "लस घेतलीस?"

"मी? मी तिशीतला माणूस, धडधाकट. सगळ्यांना कशाला हवी ती?"

टेगनने कपाळाला हात लावला. अट तिने फक्त आईवडिलांना घातली होती. नवऱ्याला विचारायचं राहूनच गेलं होतं.

"ब्रॉनविन सोमवारी शेजारच्या गावात आहे," क्लेम म्हणाला. "भीती वाटत असेल तर मी येतो बरोबर. तोवर दारातूनच बघ."

आणि बाळ ड्रूला नीट दिसावं म्हणून त्याने ते दोन्ही हातांवर जरा उंच धरलं. डाव्या हातावर निळी रेघ अजून होती.