वाचला असे समजावे

जगदेव मास्तरांचा निबंध पंधरा मिनिटे वीस सेकंदांचा होत होता आणि वाचायला वेळ मिळाला होता बरोबर पंधरा मिनिटांचा. म्हणून त्या सकाळी मास्तर ओसरीवर शाळेचे घड्याळ मांडून तो पाचव्यांदा वाचत होते. श्रोता एकच, त्यांची बायको तुळसाबाई, आणि तीही भाकरी थापता थापता ऐकत होती.

"'सन्माननीय अध्यक्षमहाशय' एवढं काढून टाकलं त बसते," मास्तर म्हणाले.

"मंग टाका न काढून. अध्यक्ष का त्याच्यानं दुबळा होते?"

"अवं, विलायतेचे डाक्टर हायेत ते!"

"मंग पोहरा टाका काढून एखादा. निबंधात नुसते पोहरेच पोहरे हायेत."

पोहऱ्यावर तिचा जुना राग होता. सात वर्षे ती नवऱ्याला विहिरीवर पाणी आणायला पाठवत होती आणि सात वर्षे तो रिकामा घडा घेऊन परत येत होता. जाऊन पाहावे तर स्वारी काठावर उभी, दोराला गाठी मारलेल्या, हातात वही. दोर जसजसा खाली सुटतो तसतसा पोहऱ्याचा झोका रुंद का होतो आणि शेवटी पोहरा भिंतीवर का आदळतो, या प्रश्नाने मास्तरांना झपाटले होते. वडील गेल्यामुळे इंटरनंतर कॉलेज सुटले, जऊळक्याच्या शाळेत नोकरी धरली, पण टपालाने मागवलेल्या तीन पुस्तकांच्या बळावर त्यांनी तो प्रश्न सोडवला. सहा पाने झाली. गणित चोख होते. आता जाणत्या माणसांनी ते एकदा पंधरा मिनिटे ऐकावे, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

जाणती माणसे त्या दिवशी येणार होती. 'वऱ्हाड गणित-पदार्थविज्ञान संशोधन मंडळ' या भारदस्त नावाचे अधिवेशन दर साली भरत असे. आदल्या साली ते आंब्यांच्या दिवसांत एका आमराईत भरले होते, आणि त्याच्या आदल्या साली भर उन्हाळ्यात चिखलदऱ्याला. यंदा, म्हणजे सदतीस सालच्या जानेवारीत, संशोधनाला जऊळक्याची हवा मानवेल असे मंडळाला वाटू लागले होते. मास्तरांनी मंडळाला जे पत्र लिहिले होते त्यात निबंधाविषयी दोन पाने होती आणि रामराव पाटलांच्या मळ्यातल्या हुरड्याविषयी एक ओळ. उलट टपाली दोन पानांचे उत्तर आले ते सगळे हुरड्याविषयी. निबंधाला शेवटची ओळ मिळाली, तीत पंधरा मिनिटे होती.

आगगाडी दोन तास उशिरा आली. तीतून सहा विद्वान उतरले. अध्यक्ष डॉ. धारसकर कोटटोपीत होते आणि आपण विलायतेत होतो हे त्यांनी फलाटावरच दोनदा सांगितले. चिटणीस प्रा. केकतपुरे यांच्या हातात कार्यक्रमपत्रिका होती आणि ते 'हुरडा केव्हा' एवढेच विचारत होते. उरलेले चौघे, अध्यक्ष मान हलवतील तेव्हा मान हलवण्यासाठी आले होते. गाडीवान पुंजाजीने सहाही जणांना आपल्या बैलबंडीत घातले आणि दीड कोसावरच्या पाटलांच्या मळ्यात आणून सोडले. मास्तर आणि तुळसाबाई मागून चालत आले. बाईने नवे लुगडे नेसले होते. पुरुषांत बसता येणार नाही म्हणून ती तुराट्यांच्या कुडामागे नवऱ्याचा निबंध ऐकायला बसली.

निंबाखाली शाळेचा फळा टेकवला होता. रामराव पाटलांनी 'आपल्याले यातलं काही समजत नाही' हे पाऊण तास समजावून सांगितले. मग केकतपुरे उठले.

"मागील अधिवेशनाचे इतिवृत्त. हरकत नसल्यास वाचले असे समजावे."

पाच माना हलल्या. केकतपुरे बसले. बैलांना कडबा टाकत असलेला पुंजाजी मास्तरांजवळ येऊन हळूच म्हणाला, "काय वाचलं जी त्याइनं?"

"काही नाही वाचलं. वाचलं असं समजायचं. कोनाची हरकत नसली म्हंजे झालं."

"न वाचताच?"

"सभेची रीत हाय तशी."

"बेस हाय," पुंजाजी म्हणाला. तो बराच वेळ फळ्याकडे पाहत उभा राहिला आणि मग पुन्हा कडब्याकडे गेला.

डॉ. धारसकरांना चाळीस मिनिटे होती. त्यांनी पावणेदोन तास घेतले. विश्व वाकलेले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ते कसे वाकले आहे हे दाखवताना त्यांनी फळा तीनदा भरला, तीनदा पुसला आणि आपले दोन्ही हात, नाक व टोपी पांढरी करून घेतली. पहिल्याच फळ्यावर तिसऱ्या ओळीत ऋणाच्या जागी अधिकाचे चिन्ह पडले होते. मास्तरांना ते तेव्हाच दिसले. बोलावे की नाही, असे त्यांना क्षणभर वाटले. पण अध्यक्षांना खिजवले तर आपली पंधरा मिनिटे जायची, म्हणून ते गप्प बसले, आणि याची त्यांना नंतर फार लाज वाटली. बाकी सभेने माना हलवल्या. पुढे ज्यांनी प्रश्न विचारले त्यांतल्या एकालाही उत्तर नको होते. जो तो प्रश्नाच्या नावाखाली आपलीच विद्वत्ता उतरवून ठेवत होता.

"आता आमचे यजमान जगदेवराव," केकतपुरे म्हणाले आणि मास्तरांनी खिशातून पाने काढली. तेवढ्यात आगटीच्या बाजूने खमंग वास आला.

"हुरडा झाला जी!" पाटलांनी हाक दिली. "गरम गरम हाय तोवर या. थंड झाल्यावर त्यात काई राम नाई."

"निबंध काही थंड होत नाही," अध्यक्ष म्हणाले आणि सभा उठली.

विद्वानांनी हुरडा खाल्ला. तिळाच्या चटणीशी खाल्ला, गुळाशी खाल्ला, दह्याशी खाल्ला. पाटलांचे गडी कणसे चोळून दमले, पण मंडळ दमले नाही. मग मठ्ठा झाला, बोरे झाली आणि मग सगळे संशोधन निंबाच्या सावलीत आडवे झाले. मास्तर फळ्याजवळ पाने धरून उभे होते. कुडामागून तुळसाबाई दोनदा खाकरली. घोरण्याखेरीज दुसरे काही ऐकू येत नव्हते.

चार वाजता केकतपुरे दचकून उठले. "अहो, साडेपाचची गाडी! उठा, उठा! राहिलं कोण? जगदेवराव. हां. हरकत नसल्यास निबंध वाचला असे समजावे."

पाच माना हलल्या. एक तर झोपेत हलली.

"फार मूलगामी निबंध," डॉ. धारसकर जांभई देत म्हणाले. "अभिनंदन."

"पण साहेब, पंधराच मिनिटं," मास्तर म्हणाले. "मी तो अजून..."

"वाचलात की! इतिवृत्तात तसंच येईल. प्रत तेवढी चिटणिसांकडे द्या, दप्तरी राहील."

मास्तरांनी सहा पाने केकतपुऱ्यांच्या हातात दिली. सात वर्षे अर्ध्या मिनिटात संपली. ते कुडाजवळ गेले तेव्हा तुळसाबाई म्हणाली, "झालं का वो वाचून? तुमचा आवाज काई आला नाई."

"झालं असं समज," मास्तर म्हणाले.

पाटलांनी घरच्या मुलाबाळांसाठी म्हणून हुरड्याच्या पुड्या बांधायला सांगितल्या. गडी पळसाची पाने आणायला निघाला, तर केकतपुरे म्हणाले, "पानं कशाला शोधतोस? उशीर होतोय. हे घे कागद." सहा पुड्या झाल्या, सहा मांड्यांवर बसल्या आणि बंडी निघाली. मास्तर आणि तुळसाबाई पुन्हा मागून चालू लागले.

अर्ध्या वाटेवर, नाल्याच्या अलीकडे, तुळसाबाई एकदम थांबली. तिला अक्षरओळख नव्हती. पण बंडीच्या मागच्या बाजूला बसलेल्या डॉ. धारसकरांच्या मांडीवर तिने जे पाहिले ते ओळखायला अक्षर लागत नव्हते.

"अवो," ती म्हणाली, "तुमचा पोहरा!"

मास्तरांनी पाहिले. पुडीवर त्यांच्या हातची आकृती होती. आड, दोर, पोहरा, आणि पोहऱ्यावर चटणीचा डाग. शेजारच्या पुडीवर चौथे पान होते.

"डॉक्टरसाहेब," मास्तर चालता चालताच म्हणाले, "हे माझं पहिलं पान आहे."

"अं? असं का?" डॉक्टरांनी पुडी फिरवून पाहिली. "अक्षर सुरेख आहे हो तुमचं."

इतका वेळ पदराआड असलेली तुळसाबाई पदर खोचून पुढे झाली. "पुंजाजी भाऊ, बंडी थांबवा! सात वरसं मी त्या पोहऱ्यापायी पान्याविना बसली. मायं पानी गेलं, ह्यायचं डोकं गेलं, अन् त्याच्यात हे हुरडा बांधून राह्यले!"

पुंजाजीने मागे वळून एकदा पुड्यांकडे आणि एकदा मास्तरांच्या तोंडाकडे पाहिले. मग तो खाली उतरला आणि त्याने सावकाश बैल सोडले.

"उतरा जी," तो म्हणाला. "टेसन आलं."

"स्टेशन? कुठे आहे स्टेशन?" केकतपुरे ओरडले. "हा तर नाला आहे!"

"आलं असं समजा."

"हा काय चावटपणा!"

"चावटपना नाई जी, तुमचीच रीत हाय. कोनाची हरकत?" त्याने बैलांकडे पाहिले. बैल माशा हाकलत होते. "दोघंबी मान हालवून राह्यले. मंजूर."

"मास्तर! सांगा याला काहीतरी!" डॉ. धारसकर गरजले.

सगळे मास्तरांकडे पाहू लागले. आयुष्यात प्रथमच जाणती माणसे त्यांच्या तोंडून शब्द निघण्याची वाट पाहत होती. मास्तरांनी घसा साफ केला.

"पंधरा मिनिटं लागतील," ते म्हणाले. "'सन्माननीय अध्यक्षमहाशय' धरून पंधरा मिनिटं वीस सेकंद."

पुड्या सुटल्या. पहिल्या पानातला हुरडा अध्यक्षांच्या टोपीत गेला, दुसऱ्यातला केकतपुऱ्यांच्या उपरण्यात, बाकीचा कोटांच्या खिशांत. मास्तर नाल्याच्या काठी उभे राहिले आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. 'सन्माननीय अध्यक्षमहाशय' त्यांनी सावकाश म्हटले. सहा विद्वान सहा घड्याळांकडे पाहत होते. पुंजाजी उकिडवा बसून ऐकत होता आणि तुळसाबाई बंडीच्या चाकाला टेकून उभी होती. सकाळी पाचव्यांदा ऐकलेलेच ती पुन्हा ऐकत होती, पण आता तिला त्यातला एकही पोहरा जास्तीचा वाटला नाही.

वाचन संपले. "प्रश्न नाहीत असे समजावे," केकतपुरे घाईघाईने म्हणाले.

"हाय न," पुंजाजी म्हणाला. "मास्तर, दोर हरूहरू सोडला त पोहरा कमी आदळते का?"

मास्तरांचा चेहरा उजळला. या प्रश्नाची त्यांनी सात वर्षे वाट पाहिली होती. पुंजाजीच्या हातची काठी घेऊन त्यांनी वाळूत विहीर काढली. "नाही. सावकाश सोड की त्याहून सावकाश, तळाशी झोका तेवढाच रुंद. तो दोराच्या लांबीवर हाय. वेळ तेवढा जास्त लागंल. हे पाय..."

"अहो, पण तिसऱ्या पानावर तुमचं चिन्ह चुकलंय," डॉ. धारसकर मध्येच म्हणाले. "ऋणाऐवजी अधिक हवं."

"ऋणच बरोबर आहे साहेब," मास्तर वाळूतून मान वर न करता म्हणाले. "अधिक झालं होतं ते सकाळी तुमच्या फळ्यावर. पहिला फळा, तिसरी ओळ. तिथं ऋण पाहिजे होतं. त्यामुळं विश्व उलट्या बाजूला वाकलं."

कोणीच मान हलवली नाही. अध्यक्ष टोपीतला हुरडा निरखू लागले. केकतपुऱ्यांना खोकला आला. उरलेल्या चौघांना कोणाकडे पाहावे ते कळेना, म्हणून ते बैलांकडे पाहू लागले. मास्तरांनी पुंजाजीला विहीर पुरती समजावून दिली आणि दोघेही समाधानाने उठले. तेवढ्यात जऊळक्याकडून शिट्टी ऐकू आली. पुंजाजी बैल जुंपेपर्यंत झाडांवरून धुराची रेघ सरकत गेली आणि दिसेनाशी झाली.

"गेली! गाडी गेली!" केकतपुरे जवळजवळ रडत होते. "उद्या सकाळी माझा वर्ग आहे! आता करायचं काय?"

मास्तरांनी सहा पाने झटकून नीट घडी केली आणि खिशात ठेवली.

"हरकत नसल्यास," ते म्हणाले, "गाडी मिळाली असे समजावे."

पुंजाजीने बंडी पाटलांच्या मळ्याकडे वळवली. तिथे हुरडा अजून पुष्कळ होता. मास्तर आणि तुळसाबाई जऊळक्याच्या वाटेला लागले. मास्तरांची चाल आज वेगळीच पडत होती. घर दिसू लागले तेव्हा तुळसाबाई म्हणाली, "लई बेस वाचलं तुमी."

"खरंच?"

"खरंच. आता घरी गेल्यावर हिरीवरून दोन घडे पानी आना." दोन पावले पुढे जाऊन ती थांबली आणि वळून म्हणाली, "अन् आनजा खरंच. आनलं असं समजू नोका."