विहिरीत अडकलेला लांडगा

"पुन्हा एकदा, मावशी! अगदी मघाशी सांगितलीस तश्शी," स्टुडिओच्या काचेमागून व्हर्लीन ओरडली.

"आत्ताच तर सांगितली. सगळ्यांनी ऐकली की!"

"माईक मध्येच बंद पडला गं. आवाजच आला नाही."

"पोरांना आला. काय रे, आला ना?"

"आला!" चर्चच्या रविवारच्या शाळेतली बारा पोरं एका सुरात ओरडली.

बेटावरच्या आपल्या लोकांच्या जुन्या गोष्टी ब्यूफर्ट गावच्या त्या चिमुकल्या टीव्ही केंद्रावरून मुलांना दाखवायच्या, या ध्यासापायी व्हर्लीनने तीन वर्षं जिवाचं रान केलं होतं. केंद्राचे प्रमुख ग्रिमबॉलसाहेब मोठ्या मिनतवारीने एका भागाला तयार झाले होते. तो त्या दिवशी दुपारी बाराच्या आत टेपवर उतरला नाही, किंवा साहेबांना पटला नाही, तर गुरुवारची वेळ मासेमारीच्या कार्यक्रमाला जाणार होती. म्हणून तिने सेंट हेलेना बेटावरून आपल्या आयडेलामावशीलाच उचलून आणलं होतं. गोष्ट सांगावी तर मावशीनेच, असं अख्खं बेट म्हणायचं.

मावशीने दुसऱ्यांदा सुरुवात केली. पहिल्या वेळी सशाने लांडग्याला विहिरीत ढकललं होतं. आता ससाच धपकन आत पडला. टेबलाखाली दोन्ही हातांत बाहुल्या घालून बसलेल्या बाहुलीवाल्या लेम्युएलची त्रेधा उडाली.

"लांडगा वर की खाली?" टेबलाखालून आवाज आला.

"लांडगा पडला होता!" पोरं किंचाळली.

"तो या लांडग्याचा भाऊ," मावशी शांतपणे म्हणाली. "थंड पाणी द्या रे कुणीतरी."

फ्रिजला कुलूप होतं आणि किल्ली साहेबांच्या कमरेला, हे समजल्यावर ती फक्त "अस्सं!" म्हणाली.

तिसऱ्यांदा तर सशाची मेहुणी उपटली. मेहुणीची बाहुलीच नव्हती. लेम्युएलने पायातला मोजा काढून हातावर चढवला. व्हर्लीनने डोकं धरलं. एका टेपला आवाज नाही, दुसऱ्यात ससा विहिरीत, तिसऱ्यात मोजा. कशाला काय जोडायचं, तिला काही केल्या कळेना.

"मावशी, तीच गोष्ट का सांगत नाहीस गं?"

"त्याच माणसांना तीच? म्हातारीला भ्रम झाला म्हणतील! तुझी आजी समोरचं माणूस बघून गोष्ट लावायची. ऐकणारे बदल, मग बघ."

पावणेबारा वाजले होते. पोरांना तिळाची बिस्किटं देऊन बाहेर पिटाळलं. इमारतीत उरले होते फक्त हवामान सांगणारा रूफस आणि "काय गोंधळ आहे?" म्हणत आलेले ग्रिमबॉलसाहेब. व्हर्लीनने नाइलाजाने दोघांना पुढच्या बाकावर बसवलं.

मावशीने साहेबांना नीट न्याहाळलं.

"एक होता लांडगा. त्याच्या दारात विहीर. विहिरीला कुलूप, अन् किल्ली कमरेला."

व्हर्लीन काचेमागून मावशीला हातांनी 'नको, नको' खुणावू लागली. त्यातच समोर कोण बसलंय याचा पत्ता नसलेल्या लेम्युएलने झटकन स्वतःचा किल्ल्यांचा जुडगा लांडग्याच्या कमरेला अडकवला आणि मोठ्या हौसेने खुळखुळवला. रूफसला खोकल्याची उबळ आली. साहेबांचा हात आपोआप कमरेकडे गेला. आता टेप थांबवावी की खोलीतून पळून जावं, व्हर्लीनला सुचेना.

"सगळं रान तहानलेलं," मावशी म्हणाली आणि थांबली.

सांगणारा थांबला की ऐकणाऱ्याने प्रतिसाद द्यायचा, हे तिथे प्रत्येकाला लहानपणापासून चर्चच्या बाकावर अंगवळणी पडलेलं. साहेबांनी ओठ घट्ट मिटले. मावशी थांबूनच राहिली.

"मग?" शेवटी साहेबांच्या तोंडून निघालंच.

"मग ससा म्हणाला, लांडगेदादा, तुमच्या विहिरीत दुसराच लांडगा पाणी पितोय बघा!"

"अरेरे! आणि हा वाकला?"

"वाकला, अन् किल्लीसकट आत! दोर सशाच्या हातात. ससा विचारतो, दादा, वर यायचंय का?"

"मग? पुढे?" साहेब बाकाच्या कडेवर आले होते.

मावशीने हॅट घातली, पर्स उचलली. "बारा वाजले. मला भात टाकायचाय."

"अहो बाई, पण लांडगा वर येतो की नाही?"

"ते पुढच्या गुरुवारी."

साहेबांनी किल्ल्या लटकवलेल्या त्या लांडग्याकडे एकदा पाहिलं. मग व्हर्लीनकडे वळून खाकरले. "मासेवाल्यांना कळव, तुमची वेळ शुक्रवारी. आणि हे घे, बाईंना थंड पाणी दे." त्यांनी किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.

गाडीत बसल्यावर व्हर्लीनला इतका आनंद झाला होता की गाडी सुरू करायचंच राहिलं. "मावशी, मला तरी सांग. येतो का लांडगा वर?"

"मला काय ठाऊक?" मावशीने फ्रिजमधली बाटली तोंडाला लावली, घटाघटा प्यायली आणि ओठ पुसले. "पाणी बरं थंड आहे. येईल बहुतेक."